वाकड्या शिंगाची म्हैस

माझा राग वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको. शाळेतली पोरं माझ्या माघारी मला काय म्हणायची ते मला चांगलं माहीत आहे, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. कोल्हापुरातल्या बाईचा आवाज मुळातच मोठा. त्यात मी चित्रकलेची बाई. तीस वर्षं "पेन्सिल हलकी धरा रे" असं बोंबलून सांगितल्यावर आवाज हलका राहणार कसा?

निवृत्त झाल्यावर घरात बसून नवऱ्यावर ओरडायचं की बाहेर जाऊन पोरांवर, असा प्रश्न आला. नवऱ्यानंच तो सोडवला. त्याचा एक मित्र कोल्हापूरशेजारच्या उचगावातल्या एका शाळेत मुख्याध्यापक होता. दोघांनी चहा पिता पिता परस्पर ठरवलं आणि दर शनिवारी सकाळी मला सहावीच्या वर्गात सोडून दिलं. मुख्याध्यापकांची अट एकच होती, खर्च नको. मी म्हटलं, ठीक आहे, घरातल्या भंगारातून प्राण्यांची उठावशिल्पं करू. चार शनिवार काम, पाचव्या शनिवारी व्हरांड्यात प्रदर्शन. त्यांना उठावशिल्प म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण भंगार हा शब्द ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

पहिल्या शनिवारी मी पोरांना समजावलं. "खिद्रापूरच्या देवळात सहलीला गेला होता ना? तिथं भिंतीवर मूर्ती आहेत. अर्धी मूर्ती भिंतीच्या बाहेर आणि अर्धी आत. तसं आपण पुठ्ठ्यावर करायचं. प्राणी पुठ्ठ्यातून बाहेर आल्यासारखा दिसला पाहिजे."

मागच्या बाकावरून हात वर. "बाई, मग ऱ्हायलेला अर्धा भिंतीच्या पलीकडनं दिसतोय व्हय?"

"नाही."

"मग त्यो गेला कुठं?"

तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि उत्तर मलाही माहीत नव्हतं. म्हणून मी ओरडले, "गप बस!"

पुढच्या शनिवारी भंगार आलं. अंड्यांचे ट्रे, बाटल्यांची बुचं, दुधाच्या पिशव्या, गोणपाट, नारळाच्या शेंड्या, सायकलच्या फाटक्या ट्यूबा, मागच्या सिझनच्या लग्नपत्रिका. इथवर झकास. पण एकानं टीव्हीचा रिमोट आणला होता. "बंद पडलाय?" म्हटलं, तर म्हणाला, "न्हाय, पन आज्जी लै मालिका बघती." एकीनं कुकरची शिट्टी आणली. एकानं एकच चप्पल आणली, नवी कोरी, आईची. दुसरी कुठं आहे विचारलं तर म्हणाला, "दुसरी तिला लागती की."

जे परत द्यायचं ते मी परत पाठवलं. चप्पल मात्र कशी कुणास ठाऊक, त्या ढिगात राहून गेली. तिचं पुढं येतंच.

चिकटवायला मैद्याची खळ शिजवून घेतली. पातेलंभर गरम खळ बघून दोघांनी चाटून बघितली. त्यातल्या एकानं साखर मागितली.

प्राणी कुणी कुठला करायचा यावरून मारामारी नको म्हणून मी चिठ्ठ्या टाकल्या. हत्ती, मोर, हरीण, सिंह, कासव, उंट, असं सगळं जंगल मी रात्रभर बसून चिठ्ठ्यांवर उतरवलं होतं. पोरांनी चिठ्ठ्या उचलल्या, वाचल्या, माना डोलावल्या आणि कामाला लागली. आणि तिसऱ्या शनिवारी मी वर्गातून फेरी मारली तर काय! सगळ्या वर्गात म्हशी.

"हे काय रे? तुला हरीण आलं होतं ना?"

"हरीनच हाय की बाई. जरा भरल्यालं हाय."

सिंहवाल्यानं म्हैस केली होती आणि तिच्या पाठीवर बुचाएवढं पिवळं काहीतरी चिकटवलं होतं. तो सिंह. हत्तीवाल्यानं म्हैस करून पुढं सायकलची ट्यूब लावली होती, आणि शिंगं तशीच ठेवली होती. "शिंगं काढ," म्हटलं तर म्हणाला, "बोडकी दिसंल बाई." उंटाला कुबड होतं, पण खाली चांगली भरलेली कास होती. दुधाच्या पिशव्यांची कास मात्र सगळ्यांनी इतकी सुंदर केली होती की मला रागावताही येईना.

आता ह्यात पोरांचा दोष काय? आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटतात, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, मालकाच्या गाडीच्या आवाजामागं पळत सुटतात आणि अख्खं कोल्हापूर रस्त्याच्या कडेला उभं राहून शिट्ट्या मारतं. संध्याकाळी दूध कट्ट्यावर जायचं, समोर धार काढून घ्यायची आणि फेसासकट ग्लास तोंडाला लावायचा, ही आमची चैन. ह्या गावात प्राणी म्हटल्यावर पोरांच्या डोळ्यांपुढं मोर येईलच कसा? पण हे मला आज सुचतंय. त्या दिवशी मी एवढी ओरडले की शेजारच्या वर्गातल्या बाई पाण्याची बाटली घेऊन धावत आल्या.

त्यात एका दीडशहाण्यानं पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही दोन सड चिकटवले होते. "फुडनं दोनच दिसत्यात. चार नगं व्हय?" म्हणाला. त्यामुळं त्याचं शिल्प भिंतीला टेकेना, डुगडुगायला लागलं. त्याला सड काढ म्हटलं तर डोळ्यांत पाणी. राहू दे बाबा, म्हटलं.

एकच शिल्प असं होतं की त्यापुढं मी गप्प झाले. खिडकीजवळ बसणाऱ्या मुलीचं. काळ्या ट्यूबा फाडून त्यांची कातडी, गोणपाटाच्या दोऱ्यांची शेपूट, बटणाचा डोळा. पण काय डोळा होता! म्हैस तुमच्याकडं बघून न बघितल्यासारखं करते ना, अगदी तसा. लांबलचक शिंगं, पंढरपुरी म्हशीची असतात तशी. उजवं पाठीवर नीट मागं गेलेलं. डावं मात्र मध्येच वाकून खाली मानेकडं वळलेलं.

"चिठ्ठीत काय होतं तुझ्या?" मी विचारलं.

"मोर."

"मग?"

तिनं कात्री खाली ठेवली. "ही आमची हाय बाई. भाकड झालीया. आज्जा प्रदर्शन झालं की सोमवारी वडगावच्या बाजाराला न्हेनार हाय. मी लै रडलो. तर म्हनला, शाळंत करतीस न्हवं म्हस? मग तीच बघत बस जा."

"मग?"

"आज्जाला प्रदर्शनाला आनतो. हुबेहूब केली की त्येला इकू वाटनार न्हाय." एवढं सांगून तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू ह्या बाबतीत चित्रकलेच्या बाईचा शब्द शेवटचा असतो. "व्हय का न्हाय बाई?"

मी कधी म्हैस विकली नाही, पाळलीही नाही. "हो," म्हणाले मी, आणि खाकरले.

त्या क्षणापासून ते शिल्प माझंही झालं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू त्या म्हशीत गुंतू नकोस." पण गुंतले, त्याला काय करणार? चौथ्या शनिवारी तिच्याजवळच बसून होते. कान कसा झुकतो, नाकपुडी कशी ओली दिसेल, सगळं दाखवलं. ती भराभर करत गेली.

आणि आता माझा मूर्खपणा सांगते.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी एकटी शाळेत जाऊन सगळी शिल्पं व्हरांड्याच्या भिंतीवर टांगली. शेवटी तिची म्हैस मधोमध लावली, चार पावलं मागं सरून बघितलं. सगळं उत्तम, पण ते डावं शिंग! खळ ओली असताना खाली घसरलं असणार, असं माझ्या मनानं घेतलं. तीस वर्षं दोन्ही बाजू सारख्या करायला शिकवलेली बाई मी, डोळ्याला ते खुपायला लागलं. पोरीचा आजोबा येणार, त्याच्यापुढं एक शिंग लोंबतं कसं चालेल? मी तार घेतली, शिंगात घातली, उजव्यासारखं नीट मागं वळवलं, वरून खळ आणि कागद लावून पक्कं केलं. काय सुंदर दिसली म्हैस! मी स्वतःवर खूश होऊन घरी गेले आणि नवऱ्याला आपणहून चहा करून दिला.

शनिवारी सकाळी मुलगी पळत आली. शिल्पापुढं थांबली. मग तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून मुख्याध्यापकांच्या हातातला नारळ पडला.

"बाई! तुमी काय केलासा! शिंग!"

"अगं, सरळ केलं ना. घसरलं होतं."

"घसरलं न्हवतं! तिचं तसंच हाय!"

मी शिंगाला बोट लावून बघितलं. तोवर व्हरांड्यात माणसं शिरायला लागली होती, आणि खळ रात्रीत दगडासारखी वाळली होती.

आता प्रदर्शनाला येणारी माणसं रांगेनं, हात मागं बांधून, "वा, छान" म्हणत जातात, असा माझा आजवरचा अनुभव. उचगावात तसं झालं नाही. निम्मे पालक गोठेवाले. भिंतीवर ओळीनं म्हशी बघितल्यावर त्यांचा बाजारच भरला. मुख्याध्यापक स्वागताचं भाषण करत होते, ते त्यांचं त्यांनाच ऐकू येत नव्हतं.

"कितव्या येताची रं ही?" एक पावणं हत्तीपुढं उभे राहून विचारत होते. कितव्या वेळेला व्यालेली, असा त्यांचा प्रश्न.

"पुठ्ठ्याची हाय," हत्तीवाला म्हणाला.

"कास चांगली हाय, पन तोंड लै लांबलंय. आजारी हाय काय?"

दुसरे एकजण उंटाच्या पाठीवर थाप मारून बघत होते. थाप जोरात बसली आणि कुबड त्यांच्या हातात आलं. तिकडं पलीकडं एक बाई कमरेवर हात ठेवून ओरडत होत्या, "ह्यो कान माझ्या पायातला हाय!" चपलेचा पत्ता लागला होता. त्यांनी कान ओढून काढला, पायात घातला आणि पोराला तिथंच धुतलं.

एवढ्या गोंधळात आजोबा आले. उंच, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. नातीनं त्यांचा हात धरला होता, पण ती त्यांना ओढत नव्हती, उलट मागं रेटत होती. मी मध्ये उभी राहिले. म्हणजे खरं सांगायचं तर मी शिल्प पाठीनं झाकून उभी राहिले.

"बाई, सरका की जरा," आजोबा म्हणाले. "आमची म्हस बगाय आलोय."

सरकले.

त्यांनी बाजारात बघतात तसं बघितलं. आधी लांबून. मग खुरांकडून वर. कासेला बोट लावलं. डोळ्यापाशी थांबले आणि त्यांच्या मिश्या जरा हलल्या. मला वाटलं, जमलं! मग नजर शिंगांवर गेली. डाव्या शिंगावरून अंगठा फिरवला.

"म्हस झ्याक हाय," ते नातीला म्हणाले. "पन ही आपली न्हवं."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. रागावून बघितलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं बघितलं.

मी आयुष्यात वर्गासमोर चूक कबूल केलेली नाही. एकदा फळ्यावर मोराला तीन पाय काढले होते, तेव्हाही तो नाचतोय असं ठणकावून सांगितलं होतं. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "आबा, पोरीनं बरोबर केलं होतं. शिंग मी सरळ केलं. चूक माझी आहे." पोरं तर बाकावर चढून बघायला लागली.

आणि नुसतं बोलून थांबेन तर ती मी कसली? "थांबा, आत्ता वाकवते," म्हणून मी शिंगाला हात घातला आणि जोर लावला. शिंग वाकलं नाही. ते कपाळासकट माझ्या हातात आलं.

"बाई," आजोबा हळूच म्हणाले, "आना हिकडं. आनखी काय मोडू नगासा."

ते तिथंच खाली बसले. शिल्प भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. कपाळ जागच्या जागी दाबून बसवलं. शिंगातली तार दोन्ही हातांनी थोडी थोडी वाकवत नेली. मग खिशातून सुतळी काढली, शिंगाच्या टोकाला बांधली आणि खाली ओढून मानेपाशी गाठ मारली. हे सगळं करताना माझ्याकडं न बघता बोलत होते.

"रेडकू हुती तवा ह्ये शिंग जरा तिरकं निगालं. मला वाटलं, पाडव्याला फिरवायची म्हस हाय, शिंगं सारकी पायजेत. म्हनून म्या दोरी बांदली आन् ताणून ठेवली. दोरी चुकली. सरळ कराय गेलो आन् जलमभर वाकडं करून बसलो." गाठ घट्ट केली. "तुमी काय येगळं केलं न्हाय. म्या बी तेच केलतं."

मग त्यांनी शिल्प हातभर लांब धरलं.

"आता हाय," म्हणाले. "आता आपलीच हाय."

"मग न्हाय न्हवं इकनार?" नातीनं लगेच विचारलं.

आजोबा उठले, गुडघे झाडले. "बाजार बाजार हाय," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

रविवारी आमच्याकडं तांबडा-पांढरा रस्सा होता आणि मला चव लागली नाही. नवरा म्हणाला, "म्हशीचाच विचार करतीयस ना?" मी त्याच्यावर खेकसले. खरं तर मला रडू येत होतं. परक्याच्या भाकड म्हशीसाठी साठीच्या बाईनं रडायचं म्हणजे काय! पण येत होतं, त्याला इलाज नव्हता.

सोमवार काही माझा वार नव्हता. तरी शिल्पं उतरवायची आहेत असं कारण काढून दुपारी शाळेत गेले. मुलगी आलीच नव्हती. मी एक एक शिल्प उतरवत राहिले. तिचं तेवढं ठेवलं. शाळा सुटायच्या सुमाराला फाटकापाशी एक टेम्पो येऊन थांबला. आमच्याकडं ह्या टेम्पोला सगळे छोटा हत्ती म्हणतात. पाच शनिवारांत माझ्या वाट्याला आलेला एवढाच खरा हत्ती, आणि त्याच्यात म्हैस उभी होती.

डावं शिंग खाली मानेकडं वळलेलं.

आजोबांनी फळी लावून तिला खाली उतरवलं. मागून नात उतरली. मला बघितल्यावर आजोबा जरा गडबडले. "जाता जाता थांबलो," म्हणाले. "ही म्हनली, म्हशीला म्हस दावूया. पोरांचं काय, खुळ्याचा बाजार." पण दावं त्यांच्याच हातात होतं, आणि फाटकातून आधी आत तेच शिरले.

म्हैस व्हरांड्यापाशी आली. शिल्पाच्या पुढ्यात उभी राहिली. आम्ही तिघंही बघत होतो, काय बघायचं होतं कुणास ठाऊक. तिनं हुंगलं. मग जीभ बाहेर काढली आणि मैद्याच्या खळीत भिजवून केलेली ती गोणपाटाची शेपूट बुडख्यापासून ओढून खाल्ली.

"आगं आगं आगं! हाऽऽड!" आजोबांनी दावं ओढलं. "भाकड हाय, पन खान्यात कमी न्हाय बगा!"

"विकली नाही, आबा?" मी विचारलं.

"कोन घेतंय?" ते लगेच म्हणाले. "वाकड्या शिंगाची म्हस. गिऱ्हाईकच आलं न्हाय. उगं सकाळपास्नं उन्हात उबा ऱ्हायलो." आणि तिला हाकत फाटकाकडं निघाले.

नात मागं राहिली. माझ्या अगदी जवळ आली आणि कानाशी लागली.

"तीन गिऱ्हाईकं आल्ती बाई. पयल्यानं दात बघितलं, त्येला आज्जानं हाकललं. दुसऱ्यानं कास दाबली, त्येला बी हाकललं. तिसरं पावणं लै चांगलं हुतं. म्हनलं, शिंग वाकडं हाय, पन चालतंय. आज्जा त्येच्याशी लैच भांडला. बाजार गोळा झाला."

"का गं? तो तर हो म्हणत होता ना?"

"आज्जा म्हनला, चालतंय म्हंजे काय?"

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि मोठ्यानं हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर पदरानं पुसत हसत राहिले.

"काय झालं वो बाई?" आजोबांनी फाटकापासून आवाज दिला.

"काही नाही आबा," मी ओरडून म्हणाले. "गिऱ्हाईक आलं नाही, फार वाईट झालं!"

"तर काय वो," ते म्हणाले, आणि म्हशीचं वाकडं शिंग खाजवत राहिले.